सुनेत्राचा शिक्का

ओसाकातल्या त्या सात घरांच्या गल्लीत कोरियन होते, ओकिनावाचे होते, व्हिएतनामी होते आणि सांगलीची एक सुनेत्रा होती. नवरा ओकुदा वारला, तरी तिनं गल्ली सोडली नाही.

वस्तीची सूचनांची फाइल घरोघर फिरायची. वाचायची, नावापुढे शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. या गल्लीच्या तोंडाशी मात्र ती माघारी वळायची. परक्यांना वाचता कुठे येतं, म्हणे. सुनेत्रा तीन वर्षं भांडली. "कचरा चुकला की झापायला आमची दारं बरी सापडतात," असं तिनं वस्तीच्या समितीच्या अध्यक्षांना भर बैठकीत सुनावलं.

फाइल आली. पहिलं दार तिचंच. तिनं स्वतःच्या नावाचा शिक्का कोरून घेतला, नवऱ्याच्या आडनावाचा नव्हे. जपानी अक्षरं तिला स्टेशनांच्या पाट्यांपुरतीच यायची, पण फाइल तासभरही अडकवायची नाही, हा तिचा तोरा. शेजारची किम आजी किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, विकायची. ती सुनेत्राचा शिक्का बघून आपला उठवायची. "तू मारलास ना? मग झालं."

शहाण्णवच्या जूनमध्ये एका दिवसात सातही शिक्के पडले. पंधरवड्यानं त्या कागदाची प्रत टपालपेटीत आली. लेक नैनानं ती उभ्याउभ्याच वाचली आणि जपानीत म्हणाली, "आई, गल्ली पाडून रस्ता रुंद करणारेत. आपण सगळ्यांनी मान्यता दिलीय."

"तो वाचल्याचा शिक्का होता."

"नाही. मान्य असेल तरच मारा, असं लिहिलंय."

सुनेत्रा तडक समितीत गेली. अध्यक्षांनी चहा पुढे केला. "ओकुदा-सान, फाइल तुम्हीच मागितली होती ना?" चहाला हात न लावता ती उठली.

किम आजी बरण्या धूत होती. "लेकाकडे अकराव्या मजल्यावर जायचं. तिथे किमचीचा वास चालत नाही."

"आजी, मला शिव्या तरी द्या."

"कशाला? मलाही कुठे वाचता येत होतं."

फेब्रुवारीत फाइल पुन्हा आली. सहा नावांवर काट. या खेपेला सुनेत्रानं नैनाकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलं. सोमवारपासून पाडकाम, उरलेल्या एका घराला मार्चअखेर मुदत. तिनं शिक्का मारला, चपला सरकवल्या आणि सवयीनं किम आजीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दारावर पत्रा ठोकला होता.

फाइल घेऊन ती माघारी वळली.