पामच्या कुंडीतलं निर्माल्य

कुत्री घरी आणायच्या आधी मी घरातल्या झाडांची झडतीच घेतली होती. मनी प्लांट गेला, डिफेनबेकिया गेली, नवऱ्याने हौसेने आणलेली कोरफडसुद्धा गेली. "आता मलाही तपासून घे," तो म्हणाला. मी ऐकते थोडीच. उरले स्पायडर प्लांट आणि अरेका पाम, दोन्ही कुत्र्यांना निर्धोक. एचएसआर लेआउट या वस्तीतल्या आमच्या इमारतीत कुणी पिल्लू आणलं, की न विचारता मी त्यांना यादी पाठवायची. याची मला फार घमेंड होती.

श्रावणातल्या एका सोमवारी मी ऑफिसच्या कॉलवर असताना कुत्रीला उलटी झाली. दुसऱ्या उलटीनंतर ती जी बसली, ती उठेचना. तोंडातून लाळ गळत होती. चादरीत गुंडाळून मी तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं.

"घर में कौनसे प्लांट्स हैं, मॅडम?" डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं.

"सब सेफ हैं. मैंने खुद चेक किया है." मी फोन काढून यादीच दाखवली. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा ठणकावून सांगितलं, शेवटी तर चिडूनच. मग त्यांनी झाडांचा विषय सोडला आणि शिळं अन्न, उंदराचं औषध असं शोधत राहिले. तिच्या छातीचे ठोके मध्येच चुकत होते. अर्धा तास गेला.

तेवढ्यात तिला पुन्हा उलटी झाली. नर्सने ट्रे माझ्यासमोर धरला. त्यात चघळलेल्या गुलाबी पाकळ्या होत्या आणि हाराचा दोरा.

तो हार माझ्या देवघरातला होता. आदल्या दिवशी फाटकाशी बसणाऱ्या फुलवालीकडची शेवंती संपली होती. "कणगिले तगोळी, अक्का," कण्हेर घ्या असं कानडीत म्हणत तिने कण्हेरीचा हार दिला. सोमवारी सकाळी देवावरून उतरवून मी तो नेहमीसारखा पामच्या कुंडीत घातला. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, आणि इथे नदी कुठून आणू?

कण्हेर विषारी असते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पुण्याला घरामागे होती, तिला हात लागला तरी आई हात धुवायला पाठवायची. पण देवाला वाहिली की ते फूल, आणि उतरवली की निर्माल्य. तिथे विष माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"मैंने ही डाला था," मी म्हटलं.

डॉक्टर मला रागावले नाहीत. पाच मिनिटांत सलाईन लागलं, हृदयाचं यंत्र लागलं, औषधं बदलली. मी निघताना ते एवढंच म्हणाले, की हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते. नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो तरी कुठे टोमणा मारतोय. मारला असता तर बरं वाटलं असतं.

ती वाचली. बुधवारी घरी आणली तेव्हा चार पावलं चालून बसत होती. मी दहीभाताच्या घासात गोळी लपवली आणि हात पुढे केला. परक्याने बिस्किट दिलं तरी आधी दहादा हुंगणारी कुत्री ती. माझ्या हातातला घास तिने तसाच गिळला. निदान एकदा तरी हुंगायचा होता.