पहिल्या मागणीमागचं नाव

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. आज सांगतोय, कारण काल आम्ही जिंकलो — आणि छाती अजून धडधडतेय.

काय दिवस होता! सुप्याच्या साइटवर ठेकेदारानं सगळ्यांदेखत सही केली. लेखी कारण दिल्याशिवाय एकाही कामगाराला काढायचं नाही! हलगी कडाडली. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले — सगळे नाचत होते. पन्नाशीचा गवंडी मी, संघटनेचा अध्यक्ष, लोकांच्या खांद्यावर बसून घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. मजुरीवाढ नंतर, सुट्ट्या नंतर, आधी कामाची हमी — ही आमची पहिली मागणी. ती पहिली का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कमलताईमुळे.

पण सगळं ठाऊक आहे का?

कमलताई जामखेडकडची. माझ्या हाताखाली बिगारी होती, माल कालवून द्यायची. तेव्हा संघटना नव्हती. चौथ्या मजल्यावर काम, ना पट्टा ना जाळी. एक जण पडता पडता वाचला, तेव्हा मीच अर्ज लिहिला — सेफ्टी बेल्ट द्या. माझीच कल्पना, माझेच शब्द. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. पहिला अंगठा कमलताईचा.

ठेकेदारानं मला एकट्याला बोलावलं. "हे कुणाच्या डोक्यातून आलं?" एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी म्हणालो, "कमलच्या. तिनं सांगितलं, मी नुसतं लिहून दिलं."

संध्याकाळच्या आत तिला काढलं. पुन्हा कुठल्याच साइटवर तिला उभं केलं नाही. खुरपणीला जाऊन तिनं दिवस काढले. आणि निघताना ती मला काय म्हणाली असेल? "दादा, तुमी तरी आत हाय. ह्यो अर्ज सोडू नगा."

सोडला नाही. तिला काढलं म्हणून माणसं पेटली, संघटना उभी राहिली. प्रत्येक सभेत मी तिचं नाव घेऊन बोललो. आवाज भरून यायचा — खरोखर यायचा! टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या मी घेतल्या.

काल तिला मुद्दाम बोलावलं होतं. एसटीनं आली. हार तिनंच घातला मला, कपाळाला गुलाल लावला. हसत होती, रडत होती. मग त्या गोंगाटात कानाशी येऊन म्हणाली, "दादा, तवा माझं नाव कुनी सांगितलं, कळलं का वो कधी?"

"न्हाई, ताई."

लगेच म्हणालो. हसून. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा समोर ठेकेदार होता. काल समोर कमलताई होती.