थोरल्या मायच्या ओटीतली पोर

आमच्या घरी आईला धड लुगडं एकच होतं. ते धुवायचा दिवस आला की अर्धं अंगाला गुंडाळून, अर्धं उन्हात धरून ती विहिरीमागं उभी राहायची आणि मी वाटेवर पहारा करायची. कोणी येताना दिसलं की मोठ्यानं खोकायचं, हे मला चालायला लागल्यापासून शिकवलेलं.

आम्ही माळी. चिखलीपासून दोन कोसांवर आमचं गाव, दीड एकराचा मळा, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. विहीर माघातच तळ दाखवायची. दोन बैलांतला एक मेला तेव्हा मोट बंद पडली, आणि आईबाबा घागरींनी वांग्याला पाणी घालू लागले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं, सरकार नागपुरात होतं. आमच्या गावाला ते सरकार पटवाऱ्याएवढंच दिसायचं.

आई ही बाबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली, बाळासकट. आमच्यात मागून आलेल्या बायकोनं आधीचीचा टाक गळ्यात घालायचा असतो. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली, बोटाच्या पेराएवढी बाई. पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. चुकलं तर ती लेकरं ओढून नेते, असं सगळेच म्हणत. माझ्या आईची पहिली दोन लेकरं गेली, एक बाराव्या दिवशी आणि एक दात येता येता. म्हणून मी झाले तेव्हा आईनं मला गळ्यातल्या टाकाला टेकवलं आणि म्हणाली, "हे तुह्यं लेकरू. तूच सांभाळ."

मी वाचले. त्यामुळे घरात ठरूनच गेलं की मी थोरल्या मायच्या, म्हणजे त्या पहिलीच्या, ओटीतली. लोकांना तिची भीती वाटायची. मला ती आपली वाटायची. गावची चौथी झाल्यावर चिखलीच्या मुलींच्या शाळेत जाऊ लागले, तेव्हा माळव्याच्या पाट्या घेतलेल्या बायका पुढं आणि मी मागं. त्या हसायच्या, "आली पाह्य बालिष्टरीन!" मी मनातल्या मनात थोरल्या मायशी बोलत चालायची. नाल्याला पाणी असलं की म्हणायची, माय, हात धर. आणि खरंच सांगते, हात धरल्यासारखं वाटायचं.

चौदाव्या वर्षी, सातवीच्या परीक्षेला दीड महिना असताना, मी शहाणी झाले. आठवडाभरात आत्या आली. डोणगावचं स्थळ घेऊन आली होती. माणूस बरा, जमीन बरी, बायको मागच्या वर्षी गेलेली, दोन लहान लेकरं. म्हणजे मलाही कोणा मेलेलीचा टाक गळ्यात घालायचा होता. लग्न लगेच हवं होतं, कारण लेकरांकडं पाहायला कोणी नव्हतं.

बाबा म्हणाले, "परीक्षा होऊ दे नं बाई."

"परीक्षा देऊन का तहसीलदारीन होनार हाय?" आत्या म्हणाली. "वांग्याले पानी देता येते, भाकर थापता येते. झाली तिची परीक्षा."

बाबा घागर घेऊन मळ्यात गेले. आई भाकरी थापत राहिली. मला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, शब्द दिसायचे नाहीत. लग्न झालं की शाळा संपली, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्याबरोबर चौथी झालेल्या तिघी जणी तशाच संपल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी जाऊन बसले आणि खोटं बोलले.

"माय, थोरली माय सपनात आली होती."

आईचा हात परातीतच थांबला. "काय म्हने?"

"परीक्षा झाल्याबिगर पोरीले देऊ नोका म्हने."

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. परातीकडंच पाहत विचारलं, "काय नेसली होती व?"

हे मी ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले, "हिरवं लुगडं."

आई पांढरी पडली. थोरलीला हिरव्या लुगड्यात नेली होती. ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सवाष्णीला हिरव्यातच नेतात, मी गावात एकदोनदा पाहिलंही होतं, हे आज कळतं. त्या सकाळी मात्र मी रचलं की मला खरंच दिसली, याचा मलाच घोळ पडला.

आईनं बाबांना सांगितलं, बाबांनी डोणगावला निरोप धाडला, लग्न परीक्षेनंतर. मला वाटलं, सुटले. पण आईच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. थोरली सपनात आली म्हणजे तिचं काहीतरी राहिलंय. तिला लावायला नवं हिरवं लुगडं हवं, ते कुठून आणायचं? मग आईनं स्वतःच्या ताटातलं द्यायचं ठरवलं. माझी परीक्षा होईतो एकच वेळ जेवायचं, दुसऱ्या वेळची भाकर टाकाला दाखवायची आणि गाईला घालायची. आणि एवढं करून दिवसभर घागरी वाहायच्या. मी म्हणत होते, माय, नको करू. ती म्हणायची, "तू अभ्यास कर. तिचं मी पाह्यतो."

परीक्षेला पाच दिवस उरले असताना ती मळ्यात पडली. अंगात ताप, ओठ कोरडे, डोळे उघडेनात. आत्या धावत आली. तिनं आईचं अंग पाहिलं आणि बाबांना ओट्यावर घेऊन बसली. मी आतून ऐकत होते.

"दादा, तुले समजून नाई राह्यलं. थोरलीनं लग्न कायले थांबोलं? पोरगी तिले पाह्यजेन. मायले आंथरुनावर पाडलं, आता पोरीले घेऊन जाईन. पोरगी दुसऱ्याच्या घरची झाली का तिचा हात पोचत नाई. लावून टाक दोन दिवसांत."

बाबा म्हणाले, "सकाळी मानूस धाडतो डोणगावले."

माझ्या खोट्यानंच मला पकडलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला थोरल्या मायची भीती वाटायला लागली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिच्या नावानं खोटं बोलले म्हणून ती खरंच आईला नेणार असेल तर? खरं सांगितलं तर आई जेवेल, पण लग्न होईल. गप्प बसले तर आई जेवणार नाही, आणि लग्न तरीही होईल. हा हिशोब मी दारामागं उभी राहून तीनतीनदा केला. मग आत जाऊन घोंगडीपाशी बसले.

"माय, म्या खोटं सांगतलं. सपन-बिपन काई नोतं पडलं."

तिनं डोळे उघडले. "खोटं?"

"हाव. मले शाळा पाह्यजेन होती."

ती कोपरावर रेलून अर्धी उठली. मला वाटलं आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मंग हिरवं लुगडं तुले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई. तोंडात आलं."

"तेच म्हनतो मी," आई म्हणाली. "तू खोटं बोलली असशीन. पन तुह्या तोंडातून बोलली तीच."

मी रडकुंडीला आले. खरं सांगूनही ते खरं ठरत नव्हतं. मी किती वेळा सांगितलं, माय, मी रचलं, मी. ती मान हलवायची, लहान लेकराला काय कळतंय अशी. शेवटी मला राग आला. मी उठले, टोपल्यातली भाकर दुधात कुस्करली आणि तिच्यापुढं धरली.

"बरं. माह्या तोंडातून ती बोलते नं? मंग आता ती बोलून राह्यली. म्हनते, मले उपास नाई पाह्यजेन. भाकर खाय."

आईनं टाकाकडं पाहावं तसं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं ताटली घेतली. पहिला घास टाकाला दाखवला आणि बाकी सगळं खाल्लं, बोटं चाटून. मी खोटं बोलले की नाही, ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

खाऊन झाल्यावर तिनं तिथूनच हाक मारली, "बाई, अंदर या." आत्या दारात आली.

"थोरलीले पोरगी न्याची असती तर दात येता येताच नेली असती. चवदा वरसं सांभाळली ते काऊन? पोरगी परीक्षेले बसते."

"आन् तुमचा ताप, वयनी?"

"ताप मले आला. तुमाले कायची थंडी वाजून राह्यली?"

बाबा ओट्यावर फसकन हसले. आत्या दुसऱ्या दिवशी निघून गेली. निकाल लागल्याशिवाय लग्न नाही, असा निरोप बाबांनी डोणगावला धाडला. त्या माणसाला आणखी थांबणं जमण्यासारखं नव्हतं, त्यानं महिन्याभरात उंद्रीकडची मुलगी केली. ती माझ्याहून लहान होती असं नंतर कानावर आलं. तिला शाळा माहीत होती की नाही, ते मला कधी कळलं नाही.

परीक्षेला बाबा बरोबर आले. पहिल्या पेपरात मी इतक्या घाईनं लिहीत होते की आमच्या शाळेच्या बाईंनी येऊन दौत सरकवून दिली, कागदावर सांडेल म्हणून. मी पास झाले. त्या बाईंनीच मग बाबांना गाठून मला अमरावतीला शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेत धाडलं. तिथून मी मास्तरीण झाले, नोकरी करता करता घरी बसून मॅट्रिक दिली, आणि मॅट्रिकनंतर कॉलेज. वर्गात आम्ही दोघीच बाया होतो, आणि दोघींत वयानं मी मोठी.

मी बी. ए. झाले. आमच्या घरात, आमच्या गावात, बायांतच नव्हे तर पुरुषांतही, माझ्याआधी कोणी झालं नव्हतं.