उजव्या डोळ्याचं माप

माझी वहिनी कपडे दुरुस्त करते. नवं काही शिवत नाही. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलायची. तळघरातल्या त्या दुकानात भर दुपारीही दिवा लागतो. गिऱ्हाईक पायऱ्या उतरेपर्यंत हिने त्याचं माप नजरेनेच घेतलेलं असतं. माझा भाऊ बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी माणसाने लोळावं की नाही? हा गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठी चिखल तुडवायला जायचा. "पाखरांना तुमची काही पडलेली नाही," असं म्हणत वहिनी डबा भरून द्यायची.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. सकाळी बूट घालायला बसला, तो उठलाच नाही. थोड्याच दिवसांत वहिनीने त्याचे सगळे शर्ट उसवले, आत घेतले आणि ज्याच्या त्याच्या मापाचे करून वाटून टाकले. मी चिडले. "कपाटात कुजवायचे का, वन्सं?" एवढंच बोलली. दुर्बिणीला मात्र कुणाला हात लावू देईना. भावाचा उजवा डोळा लहानपणापासून अधू. दुर्बिणीच्या उजव्या भिंगापाशी एक कडी असते, ती फिरवून त्याने दुर्बीण आपल्या डोळ्याला जुळवून घेतली होती. कडीवरच्या खुणा कधीच झिजून गेल्या होत्या. वहिनीला त्यातून डावीकडे स्वच्छ दिसायचं, उजवीकडे नुसतं धुकं. तरी ती रोज खिडकीशी उभी राहून बघायची. "एवढं एकच माप राहिलंय त्यांचं," म्हणायची.

भाऊ एका पाखरासाठी झुरायचा. मुठीएवढं, निळ्या गळ्याचं. वसंतात उत्तरेकडे परतताना आमच्या गावावरून जातं म्हणे. "पाऊस लागला की दमून खाली उतरतात. तेव्हाच दिसेल," असं तो दरवर्षी सांगायचा आणि दरवर्षी नुसता भिजून यायचा. यंदा वसंतात पावसाची झड लागली, तसं वहिनीने दुकानाला कुलूप घातलं. "त्यांच्या वतीने बघून येऊ," म्हणाली, आणि मलाही ओढलं.

तळ्याकाठी बसायला लाकडी आडोसा होता, तोही गळका. भावासोबत पाखरं बघणाऱ्या जुन्या मंडळींपैकी दातांचे डॉक्टर तेवढे आले होते. भला माणूस, पण समोरच्याचं बिघडलेलं दिसलं की हात शिवशिवणारच. मी कोपऱ्यात थर्मासमधून चहा ओतत होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, "ते बघा, लव्हाळ्याच्या बुडाशी." वहिनीने दुर्बीण लावली. भिंगांवर पाणी होतं. "द्या इकडे," म्हणत त्यांनी ती घेतली, रुमालाने पुसली, स्वतःच्या डोळ्यांना लावली. "अहो, ही कडी केवढी फिरलीय. इतका वेळ दिसलं तरी काय तुम्हाला?" मी "डॉक्टर, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी ती फिरवली होती.

वहिनीने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दिसलं?"

"दिसलं. गळ्याखाली तांबडी रेघसुद्धा दिसली. उपकार झाले, डॉक्टर."

ते खूश झाले. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? वहिनीने माझ्याकडे बघून, सांगू नका अशी मान हलवली. चहा तसाच निवून गेला.

परतताना बसमध्ये वहिनी कडी इकडे तिकडे फिरवत होती. डोळ्याला लावायची, काढायची, पुन्हा फिरवायची. किती धूसर होतं ते आठवून धुकं शोधत होती. मग दुर्बीण माझ्यापुढे धरली. "तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण, वन्सं. जरा बघा ना, तुम्हाला कुठे नीट दिसतंय. त्यांचं माप तिथेच असेल."

मी डोळ्यांना लावली, कडी फिरवली. पुढे बसलेल्या चालकाच्या मानेवरचा केसन् केस मला लख्ख दिसला.

"माझे डोळे चांगले आहेत, वहिनी," मी म्हटलं, आणि म्हणताना मला त्या डोळ्यांचा राग आला.

तिने दुर्बीण घेतली, पदराने पुसली आणि मांडीवर ठेवली. कडीला मग तिने हात लावला नाही.