मामाचा समुद्र

सिंदीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या मामानं आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला, तोही मुलांच्या सहलीबरोबर. मग तो कितीतरी वर्षं एकाच भल्यामोठ्या कॅनव्हासवर तोच रंगवत बसला. रेषा अशी नाहीच, नुसते ठिपके आणि फटकारे; निळे, राखाडी, मध्येच गुलाबी. जवळून पाहिलं तर कुणी ब्रश पुसल्यासारखं. “दूर जाऊन पाह्यजो, मंग पाणी दिसते,” मामा म्हणायचा. पण त्याच्या एवढ्याशा खोलीत दूर जाणार कुठे? लगेच पाठ भिंतीला लागायची. स्वतःचा समुद्र त्यानं कधी धड पाहिलाच नव्हता.

नव्वदच्या दशकात माझं लग्न कारंज्याच्या किराणा व्यापाऱ्याकडे ठरलं. त्यांची लांबलचक बैठक बघून मामा हरखला आणि आहेरात त्यानं समुद्रच देऊन टाकला. “दिवाळीले येतो, अन् दारातून पाह्यतो,” माझ्या कानात म्हणाला. एवढंच त्याचं मागणं.

आमच्याकडे आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालतात. ताटं, पाण्याचे गुंड सगळं उरकल्यावर सासऱ्यांची नजर चित्रावर गेली. कोपऱ्यात मामाची मुंगीएवढी सही.

“एवढा मोठा आहेर, अन् नाव दिसूनच नाई राह्यलं!”

त्यांनी हायवेवरून ट्रकच्या मागची अक्षरं काढणारा पेंटर आणला. मी आडवी गेले, तर सासूबाई म्हणाल्या, “तुयाच मामाचं नाव हाय, तुले काऊन झोंबून राह्यलं?” पेंटरनं त्या शांत पाण्यावर मामाचं नाव लिहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक ऑइल पेंटनं, वर पिवळी सावली. खाली ‘सप्रेम भेट’. त्याचा हात मोडावासा वाटला मला. सासरचे दुष्ट असते तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घातल्या असत्या. ते तर मामाचा मान राखत होते.

दिवाळीला मामा आला. चित्रासमोर उभा राहिला आणि मागे सरकायला लागला. मी ओळखलं. लांबून अक्षरं विरतील, पाणी तेवढं उरेल, ही त्या वेड्याची आशा. सरकत सरकत उंबरठा ओलांडून तो पार रस्त्यावर गेला.

सासरे गादीवरून कौतुकानं ओरडले, “दिसते न मामाजी तेथून?”

“दिसते,” मामा म्हणाला. “चांगलं दिसते.”

चहाला तो परत आत आला नाही. सासऱ्यांना वाटलं, लाजला.