वायफायचा भोंगा

आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की होती. आवाज कमी पडला की वाढवायचा. मी उभं आयुष्य भोंगे आणि अँप्लिफायर भाड्याने दिले. हळदी, साखरपुडे, सत्यनारायण, नवरात्र. ठाण्याला टेंभी नाक्यापर्यंत माझा टेम्पो जायचा. वेळ टळून गेली की हवालदार यायचा, बंद करा म्हणायचा. मी त्याच्यासमोर बटण खाली आणायचो, आणि तो गल्लीच्या टोकाला वळला की परत वर. कायदा म्हणजे हवालदाराची पाठ दिसेपर्यंतची गोष्ट, असं मी चारचौघांत सांगायचो आणि लोक हसायचे. शाळा माझी चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं शिकलो ती अँप्लिफायरच्या पट्टीवर. माईक, बास, पॉवर. तेवढ्या शिक्षणावर माझं कधी अडलं नाही, ही घमेंड मात्र पदवीधरासारखी होती.

ठाकुर्लीच्या जुन्या वस्तीत आमची दोन घरं आहेत. एक माझं, एक थोरल्या भावाचं, मधे अंगण. चारी बाजूंना आमच्याच शेतांवर उभे राहिलेले वीस-वीस मजल्यांचे टॉवर. शेतं आम्हीच विकली, तेव्हा तक्रारीला तोंड नाही. पण टॉवर वर गेले तशी आमची घरं विहिरीच्या तळाला गेल्यासारखी झाली आणि आत मोबाईलला रेंज मिळेना. माझ्याकडे वायरचं नेट होतं, माझं अडत नव्हतं. अडत होतं वहिनीचं.

भाऊ गेल्यापासून वहिनी एकटी. मुलगी लग्न होऊन जर्मनीला गेलेली, आणि आता तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची रीत. पण तिकडे डॉक्टरने विमानाला मनाई केली आणि इकडे वहिनीच्या गुडघ्यांनी. म्हणजे आईने करायचं ते सगळं फोनवरच होणार होतं. काय खा, काय टाळ, कळा खऱ्या कुठल्या नि खोट्या कुठल्या, तान्ह्या बाळाचं डोकं कसं धरायचं. पुतणीची जेवणाची सुट्टी म्हणजे आपले दुपारचे चार-साडेचार. त्या वेळी वहिनी फोन घेऊन पार रस्त्यापर्यंत जायची आणि रिक्षांच्या गोंगाटात एका कानात बोट घालून उभी राहायची. पोटातलं बोलणं रस्त्यावर उभं राहून कोण बोलणार?

माझा जावई ठाण्याला राहतो, कॉम्प्युटरमधला आहे. तो म्हणाला, मोठ्या मामींना वेगळं कनेक्शन घेऊ या, दोन दिवसांचं काम आहे. मी नाही म्हणालो. चूल वेगळी झाली, मीटर वेगळे झाले, आता नेटही वेगळं केलं तर वस्तीत बोलतील, भाऊ गेला आणि धाकट्याने वहिनीला एवढंही दिलं नाही. मग अंगणातून वायर ओढू, तो म्हणाला. तेही नको म्हणालो. लोंबती वायर म्हणजे आकडा टाकल्यासारखं दिसतं. माझ्या घरातून तिच्या घरात नेट जाईल आणि हवेतून जाईल, असं मी सगळ्यांदेखत जाहीर केलेलं.

माझा डबा, म्हणजे राऊटर, जुना. कंपनीने त्याच्याकडे बघणंच सोडलेलं. फेकणार होतो, तर जावयाने त्यात दुसराच प्रोग्राम भरला. तो फुकटचा. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही उघडून बघावा, चूक दिसली तर दुरुस्त करावी. गावच्या विहिरीसारखं असतं मामा, तो म्हणाला, पाणी सगळ्यांचं, गाळही सगळ्यांनी काढायचा. मेलेला डबा पळायला लागला. पण वहिनीच्या ओटीपर्यंत जेमतेम पोचायचा, आत नाही.

मी म्हटलं, पॉवर वाढवा.

तेव्हा त्याने मला फोनवर एक पान दाखवलं. डबा कुठल्या देशात आहे ते त्यात सांगायचं असतं. हवा सगळ्यांची, म्हणून कुठल्या डब्याने किती मोठ्याने बोलायचं ते प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं. ह्या टॉवरांतच केवढे डबे असतील, शिवाय पावसापाण्याची खबर देणारी रडारं पण ह्याच हवेत काम करतात. आपला देश लावलाय, ह्याच्या वर नाही जायचं, तो म्हणाला.

"डबा माझा, वीज माझी, जागा माझ्या बापाची," मी म्हणालो.

तो चिडला नाही. उलट म्हणाला, "डबा तुमचाच आहे मामा, म्हणून तर पासवर्ड तुमच्याकडे ठेवतो. फक्त ह्या एका पानाला हात लावू नका." मग सांगितलं की बाहेरच्या देशांत काही लोकांनी असाच आवाज वाढवला, तेव्हा सरकारांनी कंपन्यांचे कान धरले, आणि कंपन्यांनी डब्यांना कुलपंच लावायला सुरुवात केली. आता चांगल्या माणसालाही त्यात आपला प्रोग्राम भरता येत नाही. हे मला न कळायला काय झालं? आमच्याकडे एका हळदीने पहाटेपर्यंत धिंगाणा घातला आणि पुढे सगळ्यांच्या हळदी मुक्या झाल्या, ते मी भोगलेलं. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

तो ठाण्याला गेला आणि मी चष्मा लावून बसलो.

देशांची यादी लांबलचक. अक्षरं जुळवत एकेक देश घ्यायचा आणि खाली पॉवरचा आकडा किती चढतो ते बघायचं. एका देशाला सगळ्यात मोठा आकडा आला. तो देश कुठे आहे मला आजही माहीत नाही. तोच लावला. लगोलग वहिनीच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचा फोन बघितला. वायफायचं चिन्ह काठोकाठ भरलेलं! वहिनीने चहा केला, वर वाटीत तिळाची चिक्की दिली. मी वस्तीभर सांगत सुटलो, जावई इंजिनिअर असेल, काम सासऱ्याने केलं.

आणि तरीसुद्धा थोड्या दिवसांनी वहिनी दुपारची माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागली. माझ्या खिडकीखाली, उन्हात, डोक्यावर पदर, हातात फोन. मी आतून बघायचो आणि माझं डोकं तापायचं. एकदा माझे दोघंतिघं जुने सोबती बसलेले. त्यांच्यासमोर मी मोठ्याने बोललो.

"काय वहिनी, स्वयंपाकघरापर्यंत नेट दिलं तरी माझाच ओटा? का माझं वायफाय चालत नाही असं गावाला दाखवायचंय?"

सोबती हसले. वहिनी म्हणाली, "घरात गरम होतं, भावजी." फोनमध्ये पुतणी काहीतरी बोलत होती, तिला म्हणाली, नंतर बोलते बाय, आणि उठली. उठताना ओट्याची कड धरावी लागली तिला. मी हात दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मला वाटलं, बरं झालं, कळलं तिला.

बाळ झालं ते आम्हाला जावयाकडून कळलं. निरोप वहिनीकडे यायला हवा होता, तो ठाण्याहून फिरून का आला, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मी पेढे घेतले आणि वहिनीकडे गेलो. ती स्वयंपाकघरात फोन समोर धरून उभी. चार वाजायचे होते. फोन वाजला, तिने उचलला, आणि पुतणी दिसली. चेहरा उतरलेला, कुशीत कापडात गुंडाळलेला एवढासा जीव. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी मनात म्हटलं, बघा माझं नेट.

"आई, ही बघ," पुतणी म्हणाली. "तुझ्यासारखं कपाळ आहे हिचं."

वहिनी बोलायला लागली. डोळ्यांना पाणी, आणि नुसती बोलत सुटली. पुतणी बघत राहिली. मग म्हणाली, आई, ऐकतेस ना? वहिनी आणखी मोठ्याने बोलली. पुतणीचं तोंड बारीक होत गेलं.

"आई, तू कधीपासून माझ्याशी नीट बोलतच नाहीस. आज पण नाही बोलणार? मुलगी झाली म्हणून?"

वहिनी ओरडली, नाही गो बाय, नाही. मीही पुढे झालो आणि ओरडलो. माझा आवाज, ज्याला कधी माईक लागला नाही, तो त्या फोनच्या पलीकडे गेला नाही. पुतणी बाळाकडे बघून रडायला लागली. ते रडणं आम्हाला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

तेव्हा वहिनी फोन घेऊन दाराकडे वळली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. समोर अंगण, अंगणापलीकडे माझा ओटा. त्या बघण्यात राग नव्हता. ती परवानगी मागत होती. सासूसमोर सून उभी राहते तशी, सत्तरीला आलेली बाई, माझ्यापेक्षा वयाने मोठी, माझ्या लग्नात माझ्या अंगाला हळद लावलेली, माझ्या ओट्यावर बसू का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जा वहिनी," मी म्हणालो.

ती त्या गुडघ्यांवर धावली. मी दारात उभा राहून बघितलं आणि मग बघवेना म्हणून आत सरलो. पण ऐकू येत होतं. "माझी नात आली गो घरात. रागवेन कशाला? बोलत होते गो मी, रोज बोलत होते." पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. बराच वेळ वहिनी हसत होती आणि मधेच नाक ओढत होती. पेढ्याचा पुडा माझ्या हातात तसाच. मी तिच्या घरात, ती माझ्या ओट्यावर.

रविवारी जावयाला बोलावलं. तेव्हातरी खरं बोलायचं की नाही? मी म्हणालो, डबा बिघडलाय, मी हात लावला नाही. त्याने फोनवर ते पान उघडलं आणि देशाच्या नावावर बोट ठेवलं.

"मामा, आपण राहतो कुठे?"

"ठाकुर्लीला."

"हा डबा भलतीकडेच राहतोय."

माझी मुलगी तिथे बसलेली. तिने मान खाली घातली आणि उगाच मेथी निवडायला घेतली. माझ्यासाठी लाज तिला वाटत होती, हे मला दिसलं.

जावयाने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. तो म्हणाला, "भोंगा नुसता बोलतो मामा. ह्या डब्याला ऐकावं पण लागतं. तुम्ही डब्याचा आवाज वाढवला, मोठ्या मामींच्या फोनचा कोण वाढवणार? डब्याचं त्यांना सगळं ऐकू जात होतं, त्यांचं डब्याला काही येत नव्हतं, ना आवाज, ना हलतं चित्र." म्हणूनच ती खिडकीखाली येऊन बसायची. तिथून तिचा फोन डब्याला ऐकू जायचा. तिला त्यातलं यंत्र कळत नव्हतं, पण कुठे बसलं की पोरीपर्यंत शब्द पोचतो एवढं तिने शोधून काढलेलं, आणि मी ती जागा तिच्याकडून काढून घेतली. बाळंतपणाच्या शेवटच्या दिवसांत, जेव्हा पोरीला आई पाहिजे, तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी राहून न पोचणारं बोलत होती. आणि मला सांगत नव्हती, पहिल्यासारखी रस्त्यावरही जात नव्हती, कारण दोन्हींत माझं वायफाय वाईट ठरलं असतं.

त्याने परत आपला देश लावला. मी म्हणालो, वहिनीला वेगळं कनेक्शन घ्या. एवढं वाक्य म्हणायला मला जे लागलं ते मी इथे लिहीत नाही.

सांगायला वहिनीकडे मीच गेलो. तांदूळ पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की उद्या माणूस येईल, तुमचं तुम्हाला नेट लावून देईल. माफी मागायची ठरवून गेलेलो. ते तोंडातून निघेचना. तिने सूप खाली ठेवलं.

"लोकांना मी सांगेन, मीच मागून घेतलं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही काय बोलू नका भावजी."

म्हणजे अजूनही तीच मला सांभाळून घेत होती. मी तेही घेतलं. वस्तीत कुणी विचारलं तर मी गप्प बसतो, आणि लोक समजतात वहिनीलाच हौस. खोटं ती बोलली, फायदा मला. असं माझ्या नावावर आणखी काय काय जमा असेल, ते बघायचं धाडस होत नाही. भोंगे लावून मी उभ्या कल्याण-डोंबिवलीला ऐकवलं, आणि अंगणापलीकडचं एक माणूस रोज घसा फोडत होतं, ते मला कळलं नाही. माझ्याकडचे सगळे भोंगे बोलायचे होते, ऐकायचा एकही नव्हता.

आता वहिनीच्या घरात तिचा स्वतःचा डबा आहे. दुपारी ती पाटावर बसून, पाय पसरून, सावकाश बोलते. परवा मला हाक मारली, पोर बोलावतेय म्हणाली. मी गेलो. फोन तिने माझ्या हातात दिला. पुतणीने बाळाला आंघोळ घालून दुपट्यात धरलेलं. मला म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या घरात वायफाय दिलं नसतं तर माझं बाळंतपण आईशिवाय झालं असतं. ती मला रोज सांगते, काकांनी केलं म्हणून."

मी वहिनीकडे बघितलं. ती बाळाकडे बघत होती.

बोलायचं होतं. अगं, तुझ्या आईचा आवाज मीच अडवलेला, तू रडलीस ते माझ्यामुळे, असं सगळं जिभेपर्यंत आलेलं. जीभ उचलली गेली नाही.

"काका? तुमचा आवाज येत नाहीये," पुतणी म्हणाली. "आई, नेट गेलं का गं?"

वहिनीने फोन माझ्या हातातून हळूच घेतला.

"नेट बरं आहे बाय," ती म्हणाली. "काका बोलत नाहीत."