रोह्याच्या साडूची शांतता

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात, मुक्काम रोहा येथे, एका भल्या गृहस्थाची शांतता चोरीला गेली. चोर घरचाच होता, माझा सख्खा साडू. आणि भला गृहस्थ म्हणजे अर्थातच मी. पोलिसांनी पंचनामा केला नाही, बातमी कुठे छापून आली नाही, त्यामुळे ती लिहून ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. वाचकांनी कृपया चेहरा गंभीर करावा.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. अंगाला रंग देणारे पुष्कळ असतात, सोंडेवर, मुकुटावर हात चालवणारेही असतात, पण डोळे आखायला बसणारा एखादाच. आणि तो बसला की कारखान्यात काय होतं, ते बघायला यावं. रेडिओ बंद. पंखा बंद. चहा आणणारा कप असा ठेवतो की बशीलाही कळू नये. आमच्या मालकांचा आवाज एरवी हमरापूरपर्यंत जातो, तेसुद्धा खुणांनी बोलतात. कारण डोळ्याची रेघ एका श्वासात काढायची असते. मी श्वास आत घेतो, रोखतो, कुंचला टेकवतो, आणि रेघ पुरी झाली की मगच सोडतो. तेवढा वेळ सगळं जग माझ्यासाठी थांबलेलं असतं. एवढा मान मंत्र्यालाही नसेल.

हंगामात लहान मूर्ती मी घरीही आणायचो. त्या दिवसांत माझ्या सासूबाई गडबहून आमच्याकडे राहायला आल्या, तर हातातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून बसायच्या. का, तर जावयाचं काम चाललंय, किणकिण नको. त्या वर सरकवलेल्या बांगड्यांचा मला किती अभिमान होता, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता साडू. हा रोह्याला एका कंपनीत होता. शिफ्ट बदलली की याचं डोकं फिरायचं. झोप नाही म्हणून चिडायचा, झोप झाली तर कुणी उठवलं म्हणून चिडायचा. नळाशी भांडायचा, चपलेशी भांडायचा, एकदा तर पापडाशी भांडताना मी त्याला पाहिलं आहे. सासरी आमची तुलना ठरलेली होती. पेणचे म्हणजे समई, आणि रोह्याचे म्हणजे स्टोव्ह. असा साडू मिळायला भाग्य लागतं. त्याच्या शेजारी पाटावर बसलो की मी आपोआप संत दिसायचो. माझं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं.

तर त्या वर्षी गणपती गेले, आणि दरवर्षीप्रमाणे माझे हात रिकामे झाले. हे दिवस मला फार वाईट जातात. बोटं उगाच चाळवतात, भाताच्या शितांना डोळे काढावेसे वाटतात. बायको म्हणाली, "चला, ताईकडे जाऊन येऊ. आईपण तिथेच आहे." आम्ही एसटीने रोह्याला गेलो.

मी दारातूनच झोकात आरोळी ठोकली, "काय मंडळी! पेणची स्वारी आली!"

आतून उत्तर आलं ते सासूबाईंचं. "शू!"

मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे कुणी नव्हतं.

"गप ऱ्हावा जावईबापू," त्या कुजबुजल्या. "त्यांचा खेळ चाललाय."

टीव्हीसमोर चटईवर मांडी घालून माझा साडू बसला होता. पुढ्यात एक चपटा डबा, त्याच्या डोक्यात खोचलेली पिवळी कॅसेट, आणि त्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला याच्या हातात रिमोट. पडद्यावर वरून एकेक वीट खाली येत होती. कधी सरळ, कधी वाकडी. ती फिरवायची, खालच्या खाचेत बसवायची, आडवी ओळ भरली की ती ओळ नाहीशी. बस. एवढाच खेळ. हा टीव्ही गेम त्याने गेल्या दिवाळीच्या बोनसमधून आणला होता, तोही कुणा पोराटोराचं नाव पुढे न करता, सरळ स्वतःसाठी. घोड्यासारखा वाढलेला माणूस!

पण त्याचा चेहरा! ओठ किंचित उघडे, कपाळावर आठी नाही, खांदे सैल. आमच्या कारखान्यात रंगवून वाळत ठेवलेल्या मूर्तीचा असतो, तसा चेहरा. मेहुणीने त्याच्या मागे चहा आणून ठेवला. कप वाजला नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर गेलेल्या होत्या.

वाचकहो, त्या बांगड्या माझ्या होत्या!

खेळ संपला तेव्हा तो वळून म्हणाला, "या पेणकर, कधी आलात?" आवाज असा की निरांजनही फडफडू नये. जेवताना आमटीत मीठ नव्हतं. मी आशेने त्याच्याकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, "छान झालीये." आणि माझी स्वतःची, लग्नाची बायको मला म्हणाली, "भावजी किती शांत झालेत ना?" माझ्या पोटात जे काही जळलं, त्यावर सगळ्यांचा दुसरा भात शिजला असता.

संध्याकाळी मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "यात काय आहे? हात स्थिर पाहिजे. आण इकडे."

रिमोट हातात घेतला. बाह्या वर केल्या. आणि आयुष्यभराची सवय, पहिली वीट दिसताच श्वास रोखला. आता डोळ्याची रेघ संपते हो. विटा संपत नाहीत. एक बसवली की दुसरी, दुसरी बसवली की तिसरी. प्रत्येक वेळी वाटे, ही झाली की सोडू. कान गरम झाले, पडद्याच्या कडा काळ्या पडू लागल्या.

"अगो, बघ गो यांच्याकडे!" सासूबाई ओरडल्या. "जावईबापू निळे पडले! अहो, श्वास घ्या, त्याला डोळे नाय काढायचे!"

मी 'हाऽ' करून श्वास सोडला, आणि विटांचा ढीग पार वरपर्यंत चढून खेळ संपला. दोघी बहिणी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. साडू तेवढा हसला नाही. माझ्या हातातून रिमोट हळूच काढून घेत म्हणाला, "होतं असं पहिल्यांदा." तो स्टोव्हसारखा भडकून हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण समजूत? त्याने, माझी?

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या शिफ्टला गेला. चपलांचा आवाज जिन्यावर विरला, तशी मी चटई गाठली. कॅसेटमध्ये फुंकर मारली, कारण तो मारायचा. श्वास घ्यायचा, सोडायचा, असं स्वतःला बजावत बसलो. पहिले काही खेळ बजावण्यातच गेले. मग कधीतरी बजावणं थांबलं.

ते काय झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतकं कळलं, की आम्ही डोळा आखतो तो राहतो. रेघ केसभर सरकली, तर कुणाच्या तरी देव्हाऱ्यात तो देव दहा दिवस तिरका बघतो, आणि मी इथे पेणला जेवताना थांबतो. माझ्या प्रत्येक रेघेकडे नंतर हात जोडले जातात. इथे मात्र ओळ जितकी बिनचूक, तितकी ती पटकन नाहीशी. कुणी तिच्यापुढे उदबत्ती लावत नाही, कुणी विचारत नाही की ही कुणी बसवली. वीट यायची, बसायची, जायची. माझी बोटं पहिल्यांदाच नुसती बोटं झाली. आणि त्याही सुखात एक काटा होता, की हे या माणसाला दुकानातून पिशवीत घालून आणता आलं, आणि मला इतकी वर्षं ठाऊकही नव्हतं!

पुढचं मला बायकोने सांगितलं, कारण मी तिथे असून नव्हतो. शिफ्ट सुटून साडू आला. दारातूनच म्हणाला, "चहा टाक गो."

"शू!" सासूबाई म्हणाल्या. "गप ऱ्हावा. त्यांचा खेळ चाललाय."

तो थांबला. खांद्यावर पिशवी तशीच. आधी हसला म्हणे. मग हातपाय धुऊन आला आणि माझ्या मागे बसला. खोकला. उठला. खिडकी उघडली, लावली. पुन्हा बसला. माझ्यासाठी ठेवलेल्या चहावर साय धरली होती, तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर सासूबाईंच्या कोपरांकडे गेली.

आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनंतर, माझा जुना, लाडका, भडकलेला स्टोव्ह त्या खोलीत पेटला. इतक्या जोरात, की मी दचकलो आणि सगळ्या विटा कोसळल्या:

"अहो पेणकर, मी कधी आलोय का तुमच्या गणपतीला डोळे काढायला?"